शिबिराची दुसरी तारीख

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गावोगावच्या आरोग्य शिबिरांचे काम संघटनेने आम्हा पाच-सहा कार्यकर्त्यांवर सोपवले होते. उभा एकच जण राहिला असला तरी बोलणे आमच्या सगळ्यांचे आहे. काल रात्री बसून आम्ही ते एकत्र लिहून काढले. त्यात थोडे कौतुक आहे, थोडी कबुली आहे आणि शेवटी एक ठराव आहे. ठरावावर तुम्ही हात वर करायचे की नाही, हे सगळे ऐकून झाल्यावर ठरवा.

आपला जिल्हा मोठा चमत्कारिक आहे. एका टोकाला ठाणे, कल्याण, डोंबिवली. तिथे चौकाचौकात दवाखाना आणि इमारती-इमारतीत डॉक्टरची पाटी. दुसऱ्या टोकाला शहापूर, मुरबाडचे डोंगर. तिथल्या पाड्यावर रात्री पोट दुखायला लागले तर सकाळ होण्याची वाट बघायची. अंतर म्हणाल तर एका एसटीचे. मग कोणी दयाळू माणसे सुट्टीच्या दिवशी गाडी करून शहरातून निघतात, सोबत डॉक्टर आणतात, औषधांची खोकी आणतात, शाळेच्या पडवीत टेबले मांडतात आणि संध्याकाळी परत जातात. याला आपण शिबिर म्हणतो.

या माणसांबद्दल आमच्या मनात राग नाही. सुट्टीचा दिवस घरी लोळण्यात न घालवता जो डॉक्टर डोंगर चढून आला, त्याला नावे ठेवणे आम्हाला शोभणार नाही. आमची शिबिरेही अशाच माणसांच्या मदतीने झाली. पण आपण शेतकरी आहोत. पेरले किती, याचा हिशेब आपण खळ्यावर करतो. बांधावर उभे राहून करत नाही. तेव्हा आज खळ्यावरचा हिशेब करू.

कागद दाखवायचा कोणाला?

आमचे पहिले शिबिर मुरबाड तालुक्यातल्या एका गावात झाले. मंडप होता, फलक होता, पाहुण्यांचे सत्कार होते. नारळ आणि शाली यांतच दीड तास गेला. तोवर म्हाताऱ्या माणसांची रांग उन्हात उभी होती. शिबिर मात्र आम्हाला फार यशस्वी वाटले. वही नावांनी भरली, फोटो निघाले, जेवण कोणाला कमी पडले नाही.

त्या रांगेत एक बाई होती. वय पन्नाशीच्या आसपास. गुडघे दुखतात म्हणून आली होती. डॉक्टरांनी सहज हाताला पट्टा बांधला, तर बीपी निघाले दोनशेवर एकशेदहा. त्यांनी पुन्हा मोजले. तेच. त्यांनी तिला नीट समजावले, दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या, चिठ्ठी लिहून दिली आणि सांगितले, तालुक्याला जाऊन दाखवा, गोळी बंद करू नका. डॉक्टरांचे काम त्यांनी चोख केले. आम्हीही जाताना गावाला सांगितले, आम्ही परत येतो.

गोळ्या दहा दिवसांनी संपल्या. बाईला बरे वाटत होते. रक्तदाबाचे हेच तर कपट आहे. तो दुखत नाही, खुपत नाही, ताप येत नाही. काटा रुतला तर माणूस थांबतो. बीपी वाढले तर माणूस कामच करत राहतो. वर लावणीचे दिवस आले. लावणी टाकून तालुक्याला जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली, एसटीचे भाडे गेले, बरोबर कोणी यायचे तर त्याचीही मजुरी गेली. तिने ठरवले, कापणी झाली की जाऊ.

कापणीच्या दिवसांत तिची उजवी बाजू गेली. लकवा.

आम्ही भेटायला गेलो ते दिवाळीनंतर, तेही दुसऱ्या कामाने गावात गेलो होतो म्हणून. तिला बोलता येत नव्हते. सुनेने फळीवरच्या डब्यातून प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेली आमच्या शिबिराची चिठ्ठी काढली. म्हणाली, "कागद जपून ठेवलाय. पन दाखवायचा कोनाला? तुमी येतो म्हनालात, म्हनून आमी वाट बघितली."

भावांनो, या गोष्टीत दोष कोणाचा? डॉक्टरांचा नाही. त्या बाईचाही नाही. दोष आमचा आहे. आम्ही फलकावर एकच तारीख लिहिली होती. दुसरी तारीख आम्ही ठरवलीच नव्हती. आजार शोधून काढायचा आणि माणसाला त्याच्यासह तिथेच सोडून यायचे, याला सेवा कसे म्हणायचे? आजार नसल्याच्या समजुतीत ती बाई जगत होती, ते एक वेळ परवडले. आजार आहे हे कळले आणि करता काही आले नाही, हे त्याहून वाईट.

गाईच्या कानात बिल्ला

आपल्या गोठ्याकडे बघा. लाळ्या-खुरकुताची लस द्यायला पशुसंवर्धन खात्याची माणसे येतात. केंद्र सरकारचा तो कार्यक्रम २०१९ साली सुरू झाला. नियम असा, की लस दर सहा महिन्यांनी द्यायची. जनावराच्या कानात पिवळा बिल्ला, त्यावर बारा आकडी क्रमांक. कोणत्या जनावराला केव्हा लस दिली, पुन्हा केव्हा द्यायची, याची नोंद त्या क्रमांकावर. सगळीकडे वेळेवर होते असे आम्ही म्हणत नाही. पण सरकारच्या डोक्यात एवढे तरी पक्के आहे, की एकदा टोचून काम भागत नाही, परत यावे लागते आणि परत यायचे तर नोंद लागते.

गोठ्यातल्या गाईसाठी जे कळते, ते गोठा साफ करणाऱ्या बाईसाठी का कळू नये? तिच्या बीपीची नोंद कुठे आहे? शिबिरवाल्यांच्या वहीत. वही कुठे आहे? डोंबिवलीला, कोणाच्या तरी कपाटात.

तीन प्रकारची पिके

शिबिरात सगळेच वाया जाते असे नाही. कशाला शिबिर चालते आणि कशाला चालत नाही, हे पिकांवरून सांगितले तर चटकन कळेल.

काही दुखणी पालेभाजीसारखी असतात. लगेच हाती येतात. चाळिशी लागली, तांदूळ निवडता येत नाही, सुईत दोरा जात नाही. डोळे तपासून चष्मा हातात दिला की काम झाले. खरूज, गजकर्ण, पोटातले जंत हीसुद्धा त्यातलीच. याला शिबिर चांगले.

काही दुखणी भातासारखी असतात. पेरणी एका दिवशी, कापणी दुसऱ्या दिवशी, आणि मध्ये राखण. मोतीबिंदू, हर्निया. शिबिरात फक्त शोधायचे, शस्त्रक्रिया रुग्णालयात, नंतर घरी सोडायचे आणि आठवड्याने, महिन्याने पुन्हा बघायचे. इथे शिबिर म्हणजे पहिली पायरी.

तिसरी दुखणी आंब्याच्या कलमासारखी. एकदा लावले की जन्मभर बघायचे. रक्तदाब, मधुमेह, लाल पेशींचा तो सिकलसेल आजार, बायकांच्या अंगातले रक्त कमी होणे. इथे एका दिवसाचे शिबिर म्हणजे कलम लावून पाणी न घालता निघून जाणे.

आणि आज गावात वाढ झाली आहे ती या तिसऱ्या प्रकाराचीच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशात दर शंभर प्रौढांमागे ३५ जणांना रक्तदाब आणि ११ जणांना मधुमेह. ही फक्त शहरातल्या बसून खाणाऱ्यांची दुखणी राहिलेली नाहीत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे या मंडपात बसलेल्या मायबहिणींपैकी निम्म्या. यासाठी शोधाशोध करायची गरजच नाही. गरज आहे ती लोहाच्या गोळ्या महिनोन् महिने मिळण्याची आणि ताटात काही पडण्याची.

जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ साली तपासणीबद्दल एक पुस्तिका काढली. त्यातली मुख्य गोष्ट साधी आहे: ज्या आजारावर पुढे उपचार देण्याची सोय आहे, त्याचीच तपासणी करा, आणि तपासणी हे एकदाचे काम नव्हे, ते चालू ठेवायचे काम आहे. पन्नासहून अधिक वर्षे झाली. आमच्यापर्यंत ती गोष्ट पोचली एका बाईची उजवी बाजू गेल्यावर.

शिबिर या शब्दाची भीती

आमच्या एका शिबिरात एक म्हातारबाबा आत यायलाच तयार नव्हते. नातू ओढत होता, ते दारातच अडून बसले. विचारले तेव्हा कळले, त्यांना १९७६ साल आठवत होते. आणीबाणीत शिबिर म्हणजे नसबंदी, एवढेच त्यांना ठाऊक. त्या साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकसुद्धा मंजूर केले होते. त्याचा कायदा झाला नाही, पण भीती राहिली ती राहिलीच. म्हातारबाबांना हसू नका.

कारण शिबिरात माणसे दगावलीही आहेत. १९८६ साली उत्तर प्रदेशात खुर्जा इथे धर्मादाय नेत्रशिबिर भरले. ८८ जणांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. त्यांतल्या ८४ जणांचा तो डोळा कायमचा गेला. जंतुसंसर्ग झाला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८९ साली निकाल लागला. न्यायालयाने आधी दिलेल्या पाच हजारांच्या जोडीला प्रत्येकी साडेबारा हजार रुपये द्यायला सांगितले. एका डोळ्याचे साडेसतरा हजार. शिबिर भरवणाऱ्यांचा हेतू चांगला होता, यात शंका नाही. चांगल्या हेतूने हत्यारे निर्जंतुक होत नाहीत.

आणि ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ सरकारी शिबिरात एका डॉक्टरने काही तासांत ८३ बायकांच्या नसबंदीच्या शस्त्रक्रिया केल्या. ते आणि त्याच सुमाराची जवळची शिबिरे मिळून १३ बायका मेल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, नसबंदीची शिबिरे भरवणे तीन वर्षांत बंद करा, हे काम रुग्णालयात करा.

म्हणून आमचा पहिला नियम: गावच्या शाळेत, मंडपात, समाजमंदिरात चाकू चालणार नाही. तपासा गावात, कापा रुग्णालयात.

तपासणीने जीव वाचतो, तो असा

हे ऐकून कोणी म्हणेल, मग शिबिरे बंदच करा. तसे आम्ही म्हणत नाही. तपासणीने जीव वाचतात, आणि याचा दाखला आपल्याच महाराष्ट्रात आहे.

आज ज्याला धाराशिव म्हणतात त्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून टाटा स्मारक केंद्र आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय यांनी परदेशी संशोधन संस्थेच्या साथीने मोठे काम केले. गावागावांतल्या ३० ते ५९ वयाच्या एक लाख एकतीस हजारांवर बायका त्यात होत्या. आपल्यासारख्याच, शेतात राबणाऱ्या. गटागटाने वेगवेगळी तपासणी झाली. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग ज्या विषाणूमुळे होतो, त्याची तपासणी एका गटात आयुष्यात फक्त एकदा केली. २००९ साली निष्कर्ष छापून आला. तपासणी न झालेल्या गटात या कर्करोगाने ६४ बायका गेल्या. विषाणूची तपासणी झालेल्या गटात ३४. एका तपासणीत मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

आता नीट ऐका. ही किमया एकट्या तपासणीची नव्हती. जिच्यात दोष निघाला तिला पुढे बोलावले, तिची पुन्हा पाहणी केली, उपचार केले आणि कित्येक वर्षे त्या गावांत कोण आजारी पडले, कोण वारले, याची नोंद ठेवली. बार्शीला ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ पासून चालू होती. मागे बार्शी उभी होती, म्हणून पुढची गाडी चालली.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा स्मारकने १९९८ पासून आणखी एक काम केले. तिथे तपासणीला डॉक्टरही नव्हते. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना शिकवून तयार केले. आंबट द्रव लावून गर्भाशयाचे तोंड डोळ्यांनी तपासायचे. दर दोन वर्षांनी एकदा, अशा चार फेऱ्या. या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. चार फेऱ्या, हे ध्यानात ठेवा. म्हणजे आधीच ठरलेल्या चार तारखा.

रक्तदाबाचेही तसेच. २०१७च्या अखेरीस देशात रक्तदाब नियंत्रणाचा एक सरकारी उपक्रम सुरू झाला. त्याच्या पहिल्या टप्प्यात आपल्या राज्यातले भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे होते. त्यात नवीन औषध काही नाही. ठरलेल्या दोन-तीन स्वस्त गोळ्या, एकदम महिन्याभराच्या द्यायच्या, रुग्णाचे कार्ड ठेवायचे आणि जो आला नाही त्याचा शोध घ्यायचा. जो आला नाही त्याचा शोध! आमच्या शिबिरात नेमके हेच नव्हते.

प्रबोधनाचे भाषण

शिबिरात तपासणीच्या जोडीला प्रबोधन असते. एकदा शहापूरच्या एका पाड्यावर शहरातल्या एका सज्जनांनी मधुमेहावर भाषण केले. रोज सकाळी पाऊण तास चाला, वजन कमी करा, हॉटेलातले खाऊ नका. समोर बसलेल्या बायका पहाटेपासून विहिरीच्या तीन खेपा करून आल्या होत्या. भातसा आणि तानसा याच तालुक्यात. मुंबईला पाणी इथून जाते आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकरची वाट बघतात. भाषण संपल्यावर एक आजी आम्हाला म्हणाली, "चालतो तर आमी रोजच. बस येत नाय म्हनून."

प्रबोधन नको असे नाही. पण जिथले दुखणे, तिथले बोला. चिखलात अनवाणी लावणी करणाऱ्याला लेप्टोबद्दल सांगा. पावसात ताप आला आणि पोटऱ्या दुखू लागल्या तर अंगावर काढू नका, हे सांगा. साप चावला तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, अवयव हलवू नका, थेट १०८ ची गाडी बोलवा, हे सांगा. देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतली बहुतेक आपल्यासारखी, शेतात काम करणारी. विंचवाचे बघा. शेजारच्या रायगड जिल्ह्यात महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७० च्या दशकापासून विंचूदंशाचे रुग्ण रात्र-रात्र बसून पाहिले आणि प्राझोसिन या साध्या गोळीने माणूस वाचतो, हे जगाला दाखवून दिले. त्यांना हे कळले, कारण ते तिथे राहिले. संध्याकाळी गाडीत बसून परत गेले नाहीत.

बायकांना एक दार हवे

मायबहिणींनो, हे तुमच्यासाठी. शिबिरात तुम्ही डोके दुखते, कंबर दुखते, एवढेच सांगता. अंगावरून जाते, हे सांगत नाही. सांगणार कसे? शाळेच्या पडवीत टेबल, समोर पुरुष डॉक्टर, मागे रांगेत सासरा आणि दीर. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या बायकांची नीट तपासणी केली. १९८९ साली त्यांचा अभ्यास छापून आला. शंभरातल्या ९२ बायकांना काही ना काही अंगचे दुखणे होते, आणि त्यांतल्या फारच थोड्यांनी आधी कधी उपचार घेतले होते.

या जिल्ह्याला हे नवे नाही. कल्याणच्या आनंदीबाई जोशी वयाच्या चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि दहा दिवसांत मूल गेले. बाईला दाखवायला बाई डॉक्टर नाही, हे दुःख घेऊन त्या १८८३ साली अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. १८८७ साली, बाविसावे वर्ष पूर्ण होण्याआधीच, त्या वारल्या. त्यांच्या कल्याणपासून एसटीच्या एका तिकिटावर असलेल्या पाड्यातली बाई आजही बाई डॉक्टरची वाट बघते. म्हणून शिबिरात बाई डॉक्टर हवी, आणि जिला दार आहे अशी एक खोली हवी. पडदा चालणार नाही. दार.

शिबिर कोणाच्या सोयीचे?

तारीख कोण ठरवते? शहरातले लोक, त्यांच्या सुट्टीप्रमाणे. जानेवारीत हवा चांगली, म्हणून शिबिर जानेवारीत. पण दिवाळी झाली की आपले कातकरी भाऊ उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. भिवंडीला, कल्याणला, पनवेलला. जानेवारीत पाड्यावर म्हातारी माणसे आणि कोंबड्या. मग अहवालात लिहितात, प्रतिसाद कमी मिळाला. अहो, तुमच्या कल्याणच्या घरापासून चार-पाच किलोमीटरवरच्या भट्टीवर तो माणूस आहे, तिथे जा ना! ज्याला तपासायला तुम्ही पाड्यावर आलात, तो तुमच्याच इमारतीच्या विटा थापतो आहे.

कल्याण-डोंबिवलीच्या सत्तावीस गावांचे दुखणे आणखी वेगळे. १९८३ साली ती महापालिकेत गेली, २००२ साली बाहेर आली, २०१५ साली पुन्हा आत. हद्द आत-बाहेर झाली, की माणूस दोन दारांत उभा राहतो. जिल्हा परिषदेचा दवाखाना आपला की पालिकेचा? शिबिरवाल्यांना वाटते, हे तर शहर, इथे शिबिर कशाला. शेतकऱ्याला वाटते, शहर असेल, पण आम्हाला कोण विचारतो.

आणि एक सावधगिरी. आजचे प्रत्येक मोफत शिबिर दयेपोटीच येते असे समजू नका. २०१२ साली राज्यात राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणतात. योजनेत गरिबाची शस्त्रक्रिया फुकट होते आणि रुग्णालयाला पैसे योजनेतून मिळतात. योजना चांगली. पण त्यामुळे कोणाकोणाला आपण रुग्ण कमी आणि गिऱ्हाईक जास्त दिसू लागतो. तपासणीआधीच रेशनकार्ड मागितले, तर विचारा, कशाला? शस्त्रक्रिया सांगितली, तर सरकारी डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय गाडीत बसू नका.

हे आपल्या हक्काचे आहे

मोफत मिळाले म्हणून मान खाली घालायचे कारण नाही. धर्मादाय रुग्णालयांना करांत आणि इतर बाबींत सवलती मिळतात, त्या लोकांच्या पैशांतून. म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या आहेत. हा उपकार नाही, करार आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचारांचे शुल्क नाही. आपल्या उपकेंद्रात, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची रक्तदाब, मधुमेह आणि तोंड, स्तन, गर्भाशयमुख यांच्या कर्करोगासाठी तपासणी व्हायची आहे. म्हणजे शिबिरात जे वर्षातून एकदा मिळते, ते गावात वर्षभर मिळायला हवे. मिळत नसेल, तर ते का मिळत नाही, हे विचारणे हे आपले पहिले काम.

आणि विचारता येते. २००७ साली राज्यात आरोग्यसेवांवर लोकांनीच देखरेख ठेवण्याचा कार्यक्रम पाच जिल्ह्यांत सुरू झाला. त्यांत आपला ठाणे जिल्हा होता. तेव्हा पालघर वेगळा झालेला नव्हता. गावकऱ्यांनी आपल्या आरोग्य केंद्राला गुण दिले, जनसुनवाईत अधिकाऱ्यांना समोर बसवून प्रश्न विचारले. शेतकऱ्याला काटा मारलेला कळतो, तसा दवाखान्याचा काटाही तपासता येतो.

ठराव

आता ठराव वाचतो. आपल्या गावात यापुढे शिबिर घ्यायचे, ते या अटींवर.

एक. शिबिराच्या फलकावर दोन तारखा असतील. दुसरी तारीख पहिलीपासून महिन्याच्या आत. दुसरी तारीख न देणाऱ्याला नम्रपणे नमस्कार करून परत पाठवायचे.

दोन. तारीख गाव ठरवील. लावणी-कापणीत शिबिर नाही. भट्टीवर गेलेल्यांचे शिबिर भट्टीवर.

तीन. आशाताई आणि आरोग्य केंद्राचे डॉक्टर पहिल्या दिवसापासून सोबत. सापडलेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद तीन ठिकाणी: मराठीत लिहिलेला कागद रुग्णाकडे, एक प्रत उपकेंद्रात, एक आपल्या गावशाखेच्या वहीत. वही गावाबाहेर जाणार नाही, आणि कोणाचे दुखणे चावडीवर वाचले जाणार नाही.

चार. गावात शस्त्रक्रिया नाही.

पाच. बाई डॉक्टर आणि दाराची खोली नसेल, तर बायकांची तपासणी झाली असे अहवालात लिहायचे नाही.

सहा. सत्कार दुसऱ्या तारखेला. जो परत येईल, त्याला नारळ.

सात. जो रुग्ण दुसऱ्या तारखेला आला नाही, त्याच्या घरी त्याच आठवड्यात गावशाखेचा माणूस जाईल. हे काम डॉक्टरांचे नाही, सरकारचेही नाही. हे आपले.

सातवी अट सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत अवघड. तिला पैसा लागत नाही, पाय लागतात. त्या बाईच्या घरी आम्ही दहाव्या दिवशी गेलो असतो, तर आज ती या मंडपात बसली असती, असे छाती ठोकून आम्ही सांगू शकत नाही. पण गोळ्या संपल्यात हे आम्हाला कळले असते. आमच्यातल्या कोणाच्या तरी मोटारसायकलवर बसून ती तालुक्याला गेली असती. निदान तिच्या सुनेने तो कागद कोणाला तरी दाखवला असता.

आता ती काठी धरून दारापर्यंत येते. गोळ्या महिन्याच्या महिन्याला उपकेंद्रातून मिळतात. आशाताई आणून देते. आमच्यातला एक जण दर महिन्याला जाऊन डबा उघडून गोळ्या मोजतो. तिच्या कागदावर आता एकाखाली एक तारखा आहेत. पहिल्या दोन तारखांमध्ये पाच महिन्यांचे अंतर आहे. ते अंतर आम्हाला पुसता येत नाही. तुमच्या गावच्या कागदावर ते पडू नये, एवढ्यासाठी हा ठराव मांडला आहे.

ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करावेत. आणि हात वर करणाऱ्याने जाताना आपल्या गावाचे नाव आणि दुसऱ्या तारखेला घरोघर जाणाऱ्या माणसाचे नाव टेबलावरच्या वहीत लिहून जावे.